आधी तपासून आलात का?

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. हल्ली माझ्यावर धूळ बसते. पूर्वी माणसं बसायची. मित्रांनो, माझ्यावर टेकून कितीतरी जणांना आराम पडला, म्हणून माझी कहाणी ऐकाच. पण ती आनंदाची असेल असं समजू नका.

मला घडवणाऱ्या सुताराला सरांनी भंडावून सोडलं होतं. सर म्हणजे माझे मालक, संमोहनाने उपचार करणारे. बसणाऱ्याचं अंग सैल पडावं, पण त्याला डुलकी लागू नये, अशी पाठ त्यांना हवी होती. सुताराने ती पुन्हा पुन्हा तासली आणि शेवटी वैतागून विचारलं की तुम्हाला खुर्ची हवी आहे की पाळणा. त्या वैतागातूनच माझी पाठ नेमकी जमून आली.

येणारी माणसं आधी धास्तावलेली असत. एका शिंपीकाकांनी तर बसण्यापूर्वी माझ्याखाली वाकून पाहिलं. डोळ्यांपुढे हलवायचं घड्याळ कुठे लपवलंय, ते त्यांना शोधायचं होतं. सर हसून सांगत की ही जादू नाही आणि झोपही नाही. पुस्तकात रमलं की शेजारची हाक ऐकू येत नाही, तसं मन एका जागी गोळा करायचं. अशा वेळी चांगली सूचना मनात रुजते, पण मनाविरुद्ध कोणी काही करून घेऊ शकत नाही. मग ते हळू आवाजात बोलू लागत. अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावायला न धजणारा एक बसड्रायव्हर माझे हात आवळून धरायचा. काही आठवड्यांनी त्याची बोटं सैल पडली आणि पुढे तो पुन्हा गाडीवर गेला. कोणाची झोप परत आली, कोणाचं जुनं दुखणं सुसह्य झालं. सगळ्यांनाच गुण आला नाही आणि सरांनी तसा दावाही कधी केला नाही. जाताना लोक मला थोपटून जायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

सरांचा एक नियम होता. दुखणं घेऊन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी तपासून आलात का?" डॉक्टरांनी कारण शोधल्याशिवाय ते दुखण्याला हात घालत नसत. "दुखणं म्हणजे दारावरची थाप," ते म्हणत. "कोण आलंय ते बघायच्या आधी कान बंद करायचे नाहीत."

बाहेरच्या खोलीत वहिनी बसत. त्या सरांच्या बायको, पण येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्याच वहिनी. तपासणी टाळून आलेल्याला त्या दारातूनच परत पाठवत. गोड बोलून पाठवत, पण पाठवत.

मग वहिनींचंच डोकं दुखू लागलं. सकाळी उठल्या उठल्या दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं त्या म्हणाल्या आणि सरांनाही ते पटलं. दुपारी कोणी नसताना सर त्यांना माझ्यावर बसवू लागले. त्या बसल्या की लगेच सैल पडायच्या. इतक्या वर्षांचा ओळखीचा आवाज तो. त्यावर विश्वास ठेवायला त्यांना काही करावंच लागत नसे. उठल्यावर म्हणायच्या, "आहे तिथंच आहे, पण लांब गेलंय." सर सुखावायचे आणि मीही. एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, असं लेकीने सुचवलं, तर वहिनीच म्हणाल्या की घरात उपचार असताना बाहेर कशाला जायचं. सरांनीही आपला ठरलेला प्रश्न त्यांना विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका दुपारी वहिनींना माझ्यावरून उठता येईना. उजवा हात ऐकेना. सर आणि लेक त्यांना धरून घेऊन गेले. पुढचं मला लेकीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. डोक्यात गाठ होती आणि ती फार वाढली होती. आधी आणलं असतं तर वाचली असती का, असं सरांनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा डॉक्टर उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. वहिनी पुन्हा या खोलीत आल्या नाहीत.

सरांनी काम बंद केलं. ड्रायव्हर भेटायला आला होता. तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळे मी पुन्हा गाडीवर बसलो. आता तुम्हीही कोणाची तरी मदत घ्या."

"नको," सर म्हणाले. "हे दुखू दे. हे मी लांब पाठवणार नाही."

लेकीने मला काढून टाकायचं ठरवलं होतं, पण सरांनी तिला तसं करू दिलं नाही. ते माझ्यावर बसत मात्र नाहीत. दुपारी येतात, आपलं जुनं स्टूल ओढून माझ्याशेजारी बसतात आणि माझ्या उजव्या हातावर, जिथे वहिनींच्या हाताने कापड विरलं आहे, तिथे हात ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असं मी सांगणार नाही. माझं काय, लाकडाचंच अंग आहे. पण तुमच्या घरात कोणी वरचेवर कण्हत असेल आणि "काही नाही, आता बरं वाटतंय" म्हणून उठत असेल, तर त्याच्यावरच्या मायेपोटी गप्प बसू नका. सरांचा तो प्रश्न त्याला वेळेवर विचारा.

कारण सर तो अजूनही विचारतात. माझ्या रिकाम्या पाठीकडे बघत, त्याच हळू आवाजात म्हणतात, "आधी तपासून आलीस का?"

आणि उत्तराची वाट बघत बसून राहतात.