यादीत नसलेल्या खानावळीचा तवा

मी तवा बोलतोय. भाकरीचा, लोखंडी, मधोमध खोलगट. थंड डोक्यानं बोलणं मला जमत नाही. सारा जन्म चुलीवर गेला, आणि जे सांगायचंय तेही थंडपणे सांगण्यासारखं नाही.

पैठणच्या रस्त्यावर, चितेगावजवळ एका घिसाडी जोडप्यानं मला घडवलं. तो सांडशीनं धरायचा, ती घण घालायची. मनकर्णाबाईनं दहा तव्यांतून मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो आवाज देतोय. ह्योच द्या."

तेव्हा तिचं घर शेतात राबणारं होतं. दोन वर्षांनी तिचा नवरा कडूबा विहीर खोदताना दरड कोसळून गेला. दिरांनी तिचं बोचकं अंगणात आणून ठेवलं. लहानगी लेक आवडा कडेवर आणि मी गोणपाटात गुंडाळलेला, अशी ती औरंगाबादेत आली. बेगमपुऱ्यात एका खोलीपुढं पत्रा टाकला, चूल मांडली. साल शहात्तर असेल.

विद्यापीठाच्या वसतिगृहातून सायकल उतारावर सोडली की पोरं फारसं पायडल न मारता आमच्या दारात येत. परतीला मात्र चढ. म्हणून मनकर्णाबाई म्हणायची, "पोटभर खा रं. चढ हाय म्होरं."

ज्वारीची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, कधी अंबाडीची भाजी, आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा. एवढंच असायचं. पण गरम असायचं. तिचा नियम एकच होता. एका पंक्तीत बसायचं, आणि शेजारच्याला आडनाव विचारायचं नाही. पहिल्या वर्षी एकानं विचारलं. मनकर्णाबाईनं त्याच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "गाव इचार, आईचं नाव इचार. त्ये नाय इचारायचं हितं." त्यामुळं माझ्यावरची भाकरी खाऊन गेलेल्या शेकडो पोरांपैकी एकाचंही आडनाव मला ठाऊक नाही.

केशवचंही नाही. पण त्याला मी विसरलेलो नाही.

वडील पैठणला पूजा सांगत आणि दुपारी कचेरीत कारकुनी करत, असं तो सांगायचा. हुशार होता, बोलायला गोड होता. पण त्याची सायकल आमच्या दारात कधी लागली नाही. मागच्या बोळात लावायचा. पंक्तीत न बसता आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून जेवायचा. "मला गर्दी सोसत नाही, मावशी," म्हणायचा. मनकर्णाबाईला ते खरं वाटायचं. मला वाटत नव्हतं. गर्दी न सोसणारा माणूस दारात कुणी आलं की घास हातात धरून दचकत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली. मेसचं तेलकट त्याच्या पोटात ठरेना. सव्वा महिना मनकर्णाबाई सकाळी सगळ्यांत आधी त्याची भाकरी टाकायची. पातळ, हलकी, पापुद्रा सुटलेली. सोबत मुगाचं पाणी. त्याच्या खोलीतला सोबती कारभारी, सिल्लोडकडचा दांडगा पोरगा, तो डबा सायकलला अडकवून चढ चढून न्यायचा. केशव उठून हिंडू लागला तेव्हा मनकर्णाबाईनं माझ्यापुढं हात जोडले. माणसं देवापुढं जोडतात, तिनं माझ्यापुढं जोडले.

तिसऱ्या वर्षी केशव विद्यार्थ्यांच्या वार्षिक अंकाचा संपादक झाला. एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मावशी, या अंकात जेवणाच्या चांगल्या जागांची यादी देतोय. विद्यापीठापासून सायकलवर वीस मिनिटांच्या आतल्या. नव्या पोरांना फार उपयोगी पडेल."

"मग आपलं बी टाकशील ना?"

"तुमचं न टाकून कसं चालेल?"

त्या आठवड्यात तिनं भिंतींना चुना दिला, चूल सारवली आणि मला राखेनं इतकं घासलं की माझ्यात तिला तिचं तोंड दिसलं असतं.

अंक आला तो कारभारीच्या हातून. मनकर्णाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "कितव्या लंबरला हाय रं आपण?"

कारभारी उभ्यानंच पान वाचत होता. क्रांती चौकातलं इडलीचं हॉटेल होतं, स्टेशन रस्त्यावरचा इराण्याचा चहा होता, गुलमंडीवरची भजी होती. सगळी मिळून सात नावं. जुन्या शहरात ज्याच्या वासानं पोरं सायकली थांबवत, तो मटणाचा नानखलिया नव्हता. आणि आम्ही नव्हतो. कारभारीचा चेहरा मी पाहिला. त्यानं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं, आणि म्हणाला, "पयल्याच लंबरला, मावशी."

"वाच की मंग!"

त्यानं छापलेल्या इराणी चहावर बोट ठेवून मनाचंच वाचलं, "बेगमपुऱ्यातली मनकर्णाबाईची खानावळ. भाकरी अशी, की घरची आठवण येत नाही."

ती पदर तोंडाला लावून हसली. मी खाली जाळात होतो. मला ओरडता आलं असतं तर त्याच क्षणी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं दुप्पट पीठ काढलं. आता नवी पोरं येणार ना! सकाळपासून भाकऱ्या थापल्या. दुपारी नेहमीचीच पोरं आली. बाकीच्या भाकऱ्या संध्याकाळपर्यंत लाकडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. "रस्ता गावत नसंल पोरांना," म्हणून ती स्वतः मकाई दरवाज्याशी जाऊन उभी राहिली. सायकलवरच्या अनोळखी पोरांना हात करून सांगायची, "यादीतली खानावळ हिकडं हाय, बाळांनो." पोरं एकमेकांकडं बघून हसत पुढं जायची. हे तिनंच परत येऊन आवडाला सांगितलं. सांगताना तिला त्या हसण्याचा अर्थ कळला नव्हता.

चौथ्या दिवशी प्रमोदिनी आली. मराठीच्या वर्गातली, आमच्या पंक्तीत बसणारी एकमेव मुलगी. भाकऱ्यांचा ढीग पाहून तिनं विचारलं, "एवढ्या कुणासाठी, मावशी?"

"यादीत पयलं नाव हाय न आपलं!"

प्रमोदिनीनं पिशवीतून अंक काढला. ते पान दोनदा वाचलं. मग ती चुलीपाशी खाली बसली. "मावशी, यात तुमचं नाव नाही."

माझ्यावरची भाकरी जळत होती. मनकर्णाबाईनं ती उलटली नाही.

आणि नेमका त्याच दुपारी केशव मागच्या बोळातून जेवायला आला. पंक्ती भरलेली होती. कारभारीही होता.

"केशवा, म्होरं ये."

"आत बसतो ना, मावशी."

"म्होरं ये म्हणलं." तो आला. "माझं नाव का नाय टाकलं?"

"जागा कमी पडली हो…"

"खाली अर्धं पान कोरं आहे, केशव," प्रमोदिनी म्हणाली.

केशव हळू आवाजात म्हणाला, "वडील अंक वाचतात. चार घरी दाखवतात. इथल्या पंक्तीत कोण कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी तीन वर्षं इथं जेवतो हे त्यांना कळलं असतं."

मनकर्णाबाईचा आवाज चढला नाही. तसा चढला असता तर बरं झालं असतं. "कावीळ झाली तव्हा माझी भाकर तुझ्या पोटात कशी गेली रं? तव्हा नाय इचारलंस कोन कोन बसतं?"

"पुढच्या अंकात पहिलं नाव टाकतो, मावशी. शपथ."

"नगं. कागदावर नगंच आता." तिनं पंक्तीत जागा करून ताट मांडलं. "हितं बस. ह्या पोरांच्या मांडीला मांडी लावून चार घास खा. मंग माझी काय तक्रार नाय."

केशवनं ताटाकडं पाहिलं, आणि रस्त्याकडं पाहिलं. वसतिगृहातली दोन पोरं सायकली हातात धरून तिथून चालली होती. तो वळला, आतल्या खोलीतून बोळात गेला. सायकलच्या साखळीचा आवाज आला. नंतर तो कधी आला नाही.

मग ती कारभारीकडं वळली. "आन् तू?"

"तुमचं मन मोडू नये म्हणून, मावशी…"

"त्यानं मला गाळली. तू मला येडी केलीस. तीन दिस दुप्पट भाकरी थापल्या मी, त्या दरवाज्यात उभी ऱ्हायले!"

कारभारी रडला. एवढा दांडगा पोरगा, ताटावर मान घालून रडला. मग कुणी काही न सांगता त्यानं त्या लाकूड झालेल्या भाकऱ्या पुढं ओढल्या, आमटीत कुस्करल्या आणि खायला लागला. प्रमोदिनीनं घेतल्या. सगळ्या पंक्तीनं घेतल्या. आणि पुढची दोन वर्षं, शिक्षण संपेपर्यंत, दर जूनमध्ये कारभारी वसतिगृहाच्या फाटकात उभा राहून प्रत्येक नव्या पोराला हात धरून रस्ता दाखवायचा. खानावळ चालली ती त्याच्या तोंडानं.

मनकर्णाबाई आणखी बावीस वर्षं भाकऱ्या करत राहिली. गुडघे गेले, डोळे गेले, तरी भाकरी फुगली हे तिला वासावरून कळायचं. ती गेल्यावर आवडा, म्हणजे आताची आवडाबाई, मला घेऊन विद्यापीठाच्या रस्त्यावर पत्र्याच्या टपरीत आली. आता पोरं-पोरी स्कूटीवर येतात.

गेल्या वर्षी एक मोठी गाडी टपरीपुढं थांबली. पांढऱ्या केसांचा माणूस उतरला, बाकावर अगदी पुढं बसला आणि शेजारच्या पोरांना मोठ्यानं सांगू लागला, "या तव्यावरची भाकरी खाऊन मी मोठा झालो! मनकर्णामावशी म्हणजे माझी आईच!" पोरांनी त्याचा फोटो काढला. आवाजावरून मी त्याला ओळखलं. आवडाबाईनं ओळखलं नाही.

जेव्हा हे वाक्य बोलायला हिंमत लागत होती, तेव्हा हा बोळातून पळाला. आता ते बोलून मान मिळतो, तर हा पुढच्या बाकावर. मला एवढंच करता येत होतं, ते केलं. त्याची भाकरी कोळशासारखी करपवली.

"अगं बाई, आज काय झालं ह्याला!" आवडाबाई ओशाळली आणि तिनं दुसरी थापली. तीसुद्धा करपवावी असं माझ्या मनात आलं. पण ती तिच्या हातची होती, आणि तिची मान खाली गेली असती. ती फुगली. त्यानं खाल्ली. मग त्यानं मला विकत मागितलं, घरच्या भिंतीवर लावायला.

"तवा इकत नसतेत, दादा," आवडाबाई म्हणाली. "अजून एक भाकर घ्या."

आता मी मधोमध झिजलोय. उजेडापुढं धरलं तर सुईच्या अग्राएवढं भोक दिसतं. आवडाबाईनं नवा तवा आणलाय. या नाहीतर पुढच्या महिन्यात मी भंगाराच्या गाडीवर चढेन, वितळेन, वाळूजच्या एखाद्या कारखान्यात खिळा नाहीतर नट होईन. त्याचं मला दुःख नाही.

माझं मागणं एकच आहे, पोरांनो. घरापासून लांब तुम्हाला कुणी गरम घास घालत असेल, तर तिचं नाव घ्या. ती जिवंत आहे तोवर घ्या. आणि तिच्या दारी जेवल्याची ज्यांच्यापुढं लाज वाटते, नेमकं त्यांच्यापुढं घ्या.