वीसपैकी वीस

मी दवाखान्यातला चार प्रश्नांचा कागद बोलतोय. जुनाट आजाराचा माणूस ताण कसा पेलतो, हे मोजायला मला छापलंय. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. बेरीज कमी आली तर समुपदेशक बाई येऊन रुग्णाशी बोलतात. जास्त आली तर माणूस खंबीर ठरतो आणि मी फाइलीत जातो.

एका तरुणीकडे आलो तेव्हा ती डायलिसिसच्या खुर्चीत होती. डाव्या हाताच्या शिरा निकामी झालेल्या, म्हणून सुया उजव्या हातात. लिहिणार कशी? नर्सने मला तिच्या धाकट्या भावाच्या हातात कोंबलं. "तूच विचार, तूच खुणा कर. मला अजून सहा जण आहेत."

चुकलं ते इथेच.

अक्षरं जुळवत त्याने वाचलं, "संकटातही मी शांत राहते."

"पाच."

"काल उशी फेकून मारलीस की मला, ताई."

"लागली का? नाही ना? मग शांतच होते. लिही."

तो हसला.

"पुढे काहीतरी चांगलं होईल, असं मला वाटतं."

ती जरा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "पाच, बारक्या. उरलेल्यांनाही पाच टाक, आणि चहा पिऊन ये जा."

तो गेल्यावर तिने मला मांडीवर पालथं घातलं आणि रडली. माझी कोरी पाठ भिजली. कोऱ्या पाठीला गुण नसतात.

"शिका जरा हिच्याकडून," बेरीज पाहून नर्स शेजारच्याला म्हणाली. समुपदेशक बाई नंतर कितीदा तिथून गेल्या, पण तिच्या खुर्चीपाशी एकदाही थांबल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात तिने घरी सांगितलं, आता आठवड्यातून एकदाच बोलावलंय. साफ खोटं. बोलावलं होतं तीनदाच. भावाला खरं वाटलं. वीसपैकी वीसवाली बहीण कशाला खोटं बोलेल?

परवा, तिचं तेरावं झाल्यावर, तो एकटाच आला. समुपदेशक बाईंनी मला फाइलीतून काढून दाखवलं. "खंबीर होत्या रे त्या. तूच तर लिहिलंयस."

"मीच लिहिलं. माझ्यासमोर ती दुसरं काय सांगणार होती? तुम्हाला काय झालं होतं विचारायला?"

त्याने माझा चोळामोळा केला. मग तिथेच खाली बसून, मांडीवर घासून घासून मला सरळ केलं.

मी परत फाइलीत आहे. मला फाडा, जाळा, काही म्हणणं नाही. पण पुन्हा कुणाला मोजायचं झालं, तर त्याच्या जिवाच्या माणसाला आधी बाहेर पाठवा आणि स्वतः खुर्ची ओढून बसा. तिच्याजवळ कोणी बसलं नाही. माझ्या पाठीवर डाग आहेत. मला उलटून अजून कोणी पाहिलेलं नाही.