पोर्टापायी पणाला लागलेली मिशी

माझे सासरे नावाच्या पाट्या कोरतात. कोरायचं मशीन त्यांच्या पंचवीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरच्या पोर्टाला जोडलेलं असतं. मी मुद्दाम तसलंच पोर्ट असलेला नवाकोरा कॉम्प्युटर आणला आणि छाती फुगवून म्हणालो, "मामा, हा शंभरपट वेगवान आहे. तुमचा डबा आता भंगारात."

"आकडेमोडीत असेल. पोर्टापाशी याची मिजास चालायची नाही, जावईबापू. लावता मिशी पणाला?"

ही मिशी बघूनच बायकोने मला होकार दिला, असा माझा समज आहे. ती जाणं मला परवडणारं नव्हतं. पण शंभरपट म्हटल्यावर घाबरायचं कशाला? शिवाय मामांची मिशी माझ्या दुप्पट. "लावली. ज्याचा कॉम्प्युटर मागे पडेल त्याची साफ!"

मामांनी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पोर्टाला एक कोटी वेळा 'तयार आहेस का?' असं विचारायचं, आणि दर वेळी उत्तर येईपर्यंत थांबायचं. सासूबाई स्टॉपवॉच घेऊन पंच म्हणून बसल्या.

जुन्याला लागले अकरा सेकंद. मी हसून घेतलं.

"नवा," सासूबाई म्हणाल्या, "अकरा."

"तुम्ही बटण उशिरा दाबलंत."

"मला बटण दाबायला शिकवू नका."

पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकराच. मी मिशीवर हात ठेवला.

"आतला मेंदू कितीही पळू दे," मामा खुशीत म्हणाले, "पोर्टाची चाल जुनीच ठेवलीय, जुन्या मशीनांना झेपावी म्हणून. त्याचं उत्तर येईपर्यंत तुमचा शहाणा नुसता ताटकळतो. आणा वस्तरा."

"वस्तरा कशाला? माझा मागे कुठे पडला?"

"पुढे तरी कुठे गेला?"

अर्धा तास आम्ही हमरीतुमरीवर होतो. सासूबाईंचं डोकं उठलं. "बरोबरी झाली ना? मग दोघांची अर्धी-अर्धी काढा, आणि मला स्वयंपाकाला जाऊ द्या."

पंचांपुढे कुणाचं चालणार? मामांनी पाट्यांच्या पट्टीने मध्य मोजला, पेन्सिलीने रेघ मारली. माझी डावी बाजू गेली, त्यांची उजवी. आरशात बघून मला खरंच रडू आलं.

तेवढ्यात बायको आली. वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला दंडाला धरून मामांच्या उरलेल्या मिशीच्या बाजूला उभं केलं.

"आता सरका जवळ. हं. एक झाली पूर्ण."