खंडेनवमीनंतरचे आकडे

दसऱ्याची सुट्टी संपवून नीरजा चितेगावच्या कारखान्यात आली आणि ठोके मोजणाऱ्या काउंटरवरचे आकडे पाहून पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्यावर वाकली. सेकंदाला एक कोटी ठोके देणाऱ्या स्फटिकाच्या डब्या, तिनं डिझाइन केलेले ऑसिलेटर, सुट्टीआधी कसे ठाम होते. आता शेवटचे अंक सारखे खाली घसरत होते.

कारखाना चालवणाऱ्या व्यंकटराव सरांनी दारातूनच बजावलं, "गिऱ्हाईक दुपारी येतंय. ठोके स्थिर नसतील तर आत्ताच सांग. तुझं डिझाइन बंद करू, बाहेरून मागवू."

दोन वर्षांचं काम होतं ते. नीरजानं एकेक डबी पुन्हा लावली. पहिली घसरली, दुसरीही, तिसरीही. आणि सगळ्या अगदी सारख्याच. ती थबकली. वर्गातली सगळी पोरं एकाच दिवशी एकाच मापानं बुटकी होत नाहीत. फूटपट्टीच लांबलेली असते.

इथली फूटपट्टी म्हणजे फळीवरची जुनी रेफरन्सची पेटी. काउंटर तिच्याच ठोक्यांशी सगळं ताडून बघतो. तिचा दिवा लागलेला होता. पण वर हळदीकुंकवाची बोटं होती, झेंडूची सुकलेली पाकळी होती.

"पुंडलिकमामा, खंडेनवमीला ही पेटी बंद केली होती?"

देखभालीचे पुंडलिकमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. "व्हय तर! चालू यंत्राची कुणी पूजा करतं व्हय? सगळ्यांना इसावा दिला. काल सांजच्याला केली की चालू."

"'बंद करू नये' असं लिहिलंय तिच्यावर."

"ते रोजच्यासाठी. सणाला बी बंद नाय करायची?" मामा खरोखरच चकित झाले होते. "तुमच्या डब्यांची पूजा तेवढी राहिली बघा. त्या बॅटरीवर चालूच व्हत्या, कपाटात कुलपात. किल्ली तुमच्यापाशी."

पेटीतला स्फटिक एकदा गार पडला की स्थिर व्हायला कित्येक दिवस घेतो. पण नुसत्या तर्कावर सर ऐकणार नव्हते. नीरजानं काउंटरमधून पेटीची वायर काढून तिथं आपलीच एक डबी जोडली आणि बाकीच्या मोजल्या. अंक हलेनात. मग तिनं ती जुनी पेटीच मोजायला लावली. तिचेच तेवढे अंक वर सरकत राहिले.

सरांनी आत येऊन अंकांवर नजर टाकली. "म्हणजे डब्या ठीक आहेत?"

"सगळ्या."

"मग दुपारी हेच दाखव," म्हणत ते चहा सांगायला गेले. नीरजा स्टुलावर बसली. सकाळपासून ती उभीच होती.

मामा हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात आले. "राहिलेली पूजा उरकू का?"

"मामा!"

"बटनाला हात लावत नाय, ताई. देवाची आण."

तिनं हसत डब्यांचा ट्रे पुढे केला.