धुण्याआधीचा आकडा

“आठ, नऊ आणि एकतीस,” तंत्रज्ञबाई म्हणाल्या. “एकतीस धरायचा नाही, सर. ती नळी धुण्याआधीची आहे.”

“सोमवारी हा उपचार जाहीर करायचाय, बाई. पहिली रुग्ण आहे आपली.” विभागप्रमुखांनी अहवालाचा कागद पुढे सरकवला. “एकतीस लिहा.”

“मग नव्वदच लिहू या की! पेन तुमचंच आहे.”

आठ वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून पेशी काढल्या होत्या. रोग घडवण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूकरवी त्यांत निरोगी जनुक पोचवायचे होते. शंभरातल्या वीस पेशींत तरी ते शिरायला हवे. धुण्याआधी मोजले, तर बाहेरून नुसता चिकटलेला विषाणूही आत शिरल्यासारखा मोजला जातो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाईंना सरांनीच शिकवले होते.

“अकराला तिला औषध सुरू होणार. तिची मज्जा जळेल आणि या पेशी परत घातल्या तरी तिच्या जागी तीच आजारी मज्जा उगवेल. पोरीला फुकटचं विष! मी सही करत नाही.”

“ठीक आहे, थांबवतो. पण कारण लिहा: नळ्या हाताळताना तंत्रज्ञाची चूक. पद्धतीत खोट नव्हती, हात चुकला.”

“माझा?”

“नाहीतर एकतिसावर सही करायला दुसरा तंत्रज्ञ बाहेर उभाच आहे.”

बाईंची कानशिले तापली. बावीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केली नव्हती. पावणेअकरा वाजले होते. त्यांनी इतक्या जोरात सही केली की कागद फाटला.

मुलीची आई बाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. शेजारी बाकावर मुलगी. डोके नुकतेच भादरलेले.

“तुमच्या हातून बिघडलं म्हणे?”

बाईंनी सरांच्या बंद दाराकडे पाहिले. “हो.”

“काल मीच कापले हिचे केस. रडू नको, उद्या सगळं सुरू होईल म्हणाले. दोन वर्षं थांबलोय आम्ही! हात धड चालत नाही तर घरी बसायचं होतं.”

“पेशी पुन्हा काढता येतील. हिची मज्जा शाबूत आहे.”

“तुम्ही हात लावू नका म्हणजे झालं.”

बाई प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी पेशींची पिशवी जंतुनाशकाच्या भांड्यात रिकामी केली. पेशी पूर्ण मरेपर्यंत थांबायचा नियम वीस मिनिटांचा होता. खुर्ची शेजारीच होती. त्या वीस मिनिटे उभ्या राहिल्या.