अल्पगुणी

पट्टी पहिली

जुन्या चीनमधलं लुन राज्य एवढंसं, की एका वेशीवरचं कुत्रं भुंकलं तर दुसऱ्या वेशीवरचं उत्तर द्यायचं. तिथला अधिपती, तिकडच्या राजांच्या नम्रतेच्या रीतीप्रमाणे, स्वतःला 'हा अल्पगुणी' म्हणायचा. "या अल्पगुण्याला आणखी मांस वाढा." यावर हसायचं नसतं. दरबारी लेखनिक बो-यानचं नाक जागेवर होतं ते न हसल्यामुळेच.

पट्टी दुसरी

राजा मेल्यावर त्याची कारकीर्द जोखून लेखनिक त्याला नाव देतो. 'प्रजावत्सल', 'करंटा', जे शोभेल ते. पुढे नातवंडं त्याच नावाने नैवेद्य दाखवतात.

"बो-यान, आमचं काय ठरलंय?"

"जिवंत माणसाचं ठरत नाही, महाराज."

"आम्हाला आजच ऐकायचंय. वाईट निघालं तर तुझं नाक जाईल."

"मग महाराजांना मरावं लागेल."

"किती वेळ?"

"जेवणाआधी आटपेल."

पट्टी तिसरी (चाकूने तासलेली)

बांबूच्या या पट्टीवर आधी 'पराक्रमी' होतं. बो-यान ते बराच वेळ बघत बसला. दोन युद्धं. पहिल्यात महाराज उशिरा पोहोचले, दुसऱ्याचं बोलावणंच नव्हतं. बापाने चाकू हाती देताना एवढंच सांगितलं होतं, खोटं तासून काढायचं. नाक चाचपून त्याने तासलं.

पट्टी चौथी

महाराज शवपेटीत आडवे झाले. पुरोहित त्यांचा झगा घेऊन छपरावर चढला आणि उत्तरेकडे तोंड करून तीनदा ओरडला, "परत या." तीन हाकांना ओ दिली नाही तर माणूस मेला, ही रीत. महाराज रीतीचे पक्के. मेलेल्याने बोलू नये म्हणून गप्प पडून राहिले.

शेजारच्या राज्यांकडे दूत सुटले. युवराज गादीवर बसला.

पट्टी पाचवी

महाराज उठून बसले. "हं, नाव?"

"अल्पगुणी."

"हे कुणी ठरवलं?"

"आपणच. एकोणीस वर्षं, रोज."

"कापा याचं नाक."

कुणी हललं नाही. सगळे युवराजाकडे बघत होते. त्याने पुरोहिताला विचारलं, "मेलेल्याचा हुकूम चालतो का?"

"तीन हाका मारल्या, महाराज. ओ आली नाही."

"मग या अल्पगुण्याला वाढा," युवराज जेवायला बसत म्हणाला.

बो-यानने नवी पट्टी घेतली.

"आणि मला?" पेटीतून आवाज आला. "भूक लागलीय."

पुरोहिताने वाफाळत्या मांसाचं ताट अदबीने पेटीसमोर ठेवलं, आणि महाराजांचा हात हलकेच मागे सारला.

"पितर फक्त वास घेतात."