मागची बाजू आखूड

भवानी पेठेतल्या कल्लप्पानं कधी नाकावर माशी बसू दिली नाही. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या गल्लीत कोणी नव्हता, आणि दुसऱ्याला तोंड दुखवायला नको म्हणून हे तो स्वतःच सांगत सुटायचा. नरसाळं असो, डबा असो, नजरेनं अंदाज घ्यायचा आणि कैची चालवायचा. पण गेल्या दिवाळीनंतर त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं तरी त्या डोळ्याची नजर काही परत आली नाही, आणि उरलेल्या एका डोळ्याला जवळ काय नि लांब काय, काही समजेना. चहा कपाशेजारी सांडायचा. हातोडी खिळा सोडून बोटावर बसायची. तीन महिने हा बहाद्दर नुसती गळकी घमेली सांधत बसला होता. समोर हातगाडीवर मोबाईलची कव्हरं विकणारा सोमलिंग रोज विचारायचा, "मामा, गाळा देताय न्हवं एक तारखेपास्नं?"

कल्लप्पा "बघू" म्हणायचा. त्याचं "बघू" म्हणजे "हो", हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या पोरीला, दानेश्वरीला, ते ऐकवत नव्हतं.

अशात शेंगाचटणीवाला शरणबसव दुकानात आला. जुना दोस्त. नव्या मशीनवर बसवायला त्याला हॉपर हवं होतं, म्हणजे वरून शेंगदाणे ओतायचं चौकोनी तोंड, खाली निमुळतं होत जाणारं. मशीन भिंतीला लागून, म्हणून मागची बाजू उभी हवी, बाकीच्या तीन तिरप्या.

"बार्शीस्नं करून आण," कल्लप्पा खाली बघत म्हणाला. "माझ्यानं आता नवं काम हुत न्हाय."

दानेश्वरी नेमकी जेवणाचा डबा घेऊन पायरी चढत होती. "काका, आठ दिवसांत देतील अप्पा," ती म्हणाली, आणि शरणबसव खूश होऊन गेलासुद्धा. त्यानंतर कल्लप्पा तिला कानडीतून जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण पोरगी कुणाची! संध्याकाळी तिनं पत्रा कापायच्या टेबलावर आपला लॅपटॉप मांडला. ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्याकडच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढायचं नसतं, लिहायचं असतं. शंकू हवा, उंची एवढी, घेर एवढा, रंग असा, कॅमेरा इथं. आठ-दहा ओळी लिहिल्या की आकार समोर उभा. तिनं लिहिलं, चालवलं, आणि पडद्यावर शंकू आला.

"ह्ये गोल कुटं हाय?" कल्लप्पा फिसकन हसला. "सहा पट्ट्या जोडल्यात. असलं नरसाळं मी दिलं असतं तर गिऱ्हाइकानं माझ्याच डोक्यावर घातलं असतं."

दानेश्वरीच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. बाजू किती हे सांगितलं नाही, तर ते सॉफ्टवेअर आपलं सहाच धरायचं. तिनं तिथं साठ लिहिलं.

"आता?"

"आता नरसाळं."

मग तिनं माउस त्याच्या हातात दिला. त्यानं भीत भीत शंकू फिरवला. तो फिरला तशी त्याच्यावरची सावली सरकली, पुढची कड झरकन गेली, मागची सावकाश गेली, आणि त्या एकट्या डोळ्याला तीन महिन्यांत न कळलेलं कळलं.

"अगं, खोल दिसतंय की!" तो म्हणाला. नंतर अर्धा तास तो एकच शंकू फिरवत बसला. दानेश्वरी उगाच पाणी प्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाण्याआधी तिनं हॉपर उभं करून दिलं, चारी बाजू काचेसारख्या आरपार. वरची पुढची कड पडद्यावर दहा सेंटिमीटर, पत्र्यावर चाळीस. म्हणजे पडद्यावरच्या मापाला चारनं गुणायचं. कल्लप्पा माप घ्यायला दोन टोकांचा कंपास घेऊन पडद्यासमोर बसला. समोर ताठ आलेल्या बाजूचंच माप खरं, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. तिन्ही तिरप्या बाजू त्यानं एकेक करून समोर आणल्या आणि मापल्या. मागची उभी बाजू तर पुढच्या बाजूतून आरपार ताठच दिसत होती, तिला कशाला फिरवायची? कागदावरच्या नकाशात मागचं असो, पुढचं असो, माप एकच असतं. त्यानं तशीच मापली, आखली, कापली.

दुपारी चारी बाजू जुळवून बघितल्या, तर मागची दोन बोटं आखूड. त्यानं परत जुळवल्या. परत आखूड. कोपऱ्यात फट तशीच आ वासून होती. डोळा गेला तो गेला, आता हातपण गेला, असं कल्लप्पाच्या मनानं घेतलं. त्यानं सोमलिंगला हाक मारून सांगितलं, "एक तारखेला ये," आणि कैच्या गोणीत भरायला घेतल्या.

पाच वाजता दानेश्वरी आली तेव्हा गोणीचं तोंड बांधून झालं होतं.

"शरणबसवला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं," तो म्हणाला. "मी संपलो, पोरी."

तिनं पट्टी उचलली, मागच्या बाजूचा पत्रा मापला, मग पडद्यावरचं चित्र मापलं, आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"अप्पा, मागचं माप हितनंच घेतलं? पुढच्यातनं बघून?"

"व्हय. ताठ दिसतंय की."

"अरे देवा! चूक माझी हाय, अप्पा. ह्यातला कॅमेरा आपल्या डोळ्यावानी बघतो, लांबचं बारीक दावतो. रस्त्याच्या त्या टोकाची बस कशी बारीक दिसती, तसं. माप घ्यायचं असलं की ते बंद करावं लागतं. एक ओळ लिहायची हुती फक्त. मी इसरले."

तिनं ती ओळ लिहिली. मागची बाजू पडद्यावर सर्रकन पुढच्याएवढी झाली. कल्लप्पा तिच्याकडं बघतच राहिला.

"म्हंजी पत्रा तुझ्यामुळं वाया गेला."

"गेला. पण ह्ये बघा." तिनं ती नवी ओळ पुसून जुनं चित्र परत आणलं आणि त्यावर पट्टी धरली. "मागची वरची कड नऊ पूर्णांक एक. चारनं गुणली की छत्तीस पूर्णांक चार. आता तुमचा पत्रा मापा."

त्यानं पट्टी घेतली, पत्रा डोळ्याजवळ धरला. छत्तीस पूर्णांक चार. खालची कड मापली. ती जुळली. उंची मापली. तीही जुळली.

"चित्रात जे चुकीचं हुतं, तेच तुमी कापलंय," दानेश्वरी म्हणाली. "केसाचा फरक न्हाय. हात चुकला असता तर हे जुळलं असतं का?"

कल्लप्पानं वरची कड परत मापली. मग आणखी एकदा.

"म्हंजी हात चुकला न्हाय."

"न्हाय."

"डोळाबी न्हाय."

"न्हाय हो, अप्पा!"

तो मटकन स्टुलावर बसला आणि त्यानं तोंड टॉवेलात खुपसलं. दवाखान्यात डॉक्टरांनी "नजर येणार नाही" म्हणून सांगितलं, तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. आज मात्र त्याचे खांदे गदगदा हलत होते, आणि दानेश्वरीही त्याच्या पाठीवर हात फिरवत रडत होती.

मग त्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं, उठून दारात गेला आणि रस्त्यापलीकडं ओरडला, "ए सोमलिंग! गाळा मिळायचा न्हाय! दुसरीकडं बघ!"

परत फिरून त्यानं गोणी टेबलावर पालथी केली. सगळ्या कैच्या खणखणत बाहेर पडल्या.

"आता रडत काय उभी ऱ्हायलीस?" तो लेकीवर खेकसला. "ती तुझी ओळ लिही परत. आन् पत्रा धर तिकडनं."